ठासणी

उज्जैनला गेलो महाकालाच्या दर्शनाला आणि परतलो काडतुसाची गोष्ट घेऊन. हसू येईल, पण झालं ते असं.

श्रावणातल्या सोमवारी महाकालाची सवारी निघते. देवळाच्या दारात सशस्त्र पोलीस पालखीला सलामी देतात, मग पालखी क्षिप्रेवर रामघाटाला जाते आणि गोपाळ मंदिरावरून परत येते. तिथला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. पण भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातही सवारी चालूच राहते, कारण मराठी पंचांगात तेव्हा अजून श्रावणच असतो. शिंदेशाहीची ही खूण. महाकालाचं देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभारलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी, आणि गोपाळ मंदिर बांधलं बायजाबाई शिंद्यांनी. आपल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही.

पालखीच्या पुढे कडाबीन उडते. राजा येतोय ही वर्दी. पहिला धडाका झाला आणि मी दोन्ही कानांवर हात ठेवून खालीच बसलो. भोवतालची पोरं हसली. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका मात्र हसले नाहीत.

काका उज्जैनचेच मराठी, वय ऐंशीच्या घरात. उभं आयुष्य लष्करात शस्त्रं दुरुस्त करण्यात गेलं, शेवटची नेमणूक महूला. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाले, "तुम्ही आवाजाला नाही घाबरलात. कशाला घाबरलात?"

मी विषय बदलला. म्हटलं, काडतूस हा शब्द आम्ही गोवेकरांनी दिलाय मराठीला. पोर्तुगीज 'कार्तुशु'. पिस्तूलही त्यांचंच.

"शब्द दिलात, आता वस्तू बघा," म्हणत त्यांनी कपाटातून एक डबी आणली. आत ९ मिलिमीटर पिस्तुलाची तीन पोकळ काडतुसं. दारू नाही, टोपी नाही, पुंगळीला आरपार भोक. पोरांना शिकवायला ठेवलेली. पुंगळी पुन्हा भरायची तर गोळी बसावी म्हणून तिचं तोंड आधी जरासं फुलवतात आणि गोळी बसली की ते परत आवळतात. याला म्हणतात क्रिम्प. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, हेही त्यांनी लगेच सांगून टाकलं.

"यातलं पक्कं कुठलं?"

एकाचं तोंड अजून किंचित फुललेलं होतं. दुसरं सरळ. तिसऱ्याच्या तोंडाशी गोळीवर चांगलं वळ उठेल इतकं आवळलेलं. मी तिसरं उचललं. घट्ट ते पक्कं, आणखी काय!

काकांनी सरळ तोंडाचं काडतूस घेऊन त्याची लांबी मापली, गोळीचं टोक टेबलाच्या कडेला टेकवून अंगठ्याने जोर दिला आणि पुन्हा मापलं. लांबी तेवढीच. मग मी निवडलेलं घेतलं. जोर दिला, आणि गोळी सरकली की आत!

मी बघतच राहिलो. काका म्हणाले, "पितळ दाबलं की थोडं मागे उसळतं. शिसं उसळत नाही, दबलं ते दबलं. जास्त आवळलंत की गोळी बारीक होते, पुंगळी मागे येते आणि पकडच सुटते. गोळीला धरते ती सगळी पुंगळी, नुसतं तोंड नाही. तोंड फुलवलं होतं तेवढं मिटवायचं, बस." गोळी आत सरकली की दारूची जागा कमी होते आणि दाब भलताच वाढतो. शिवाय हे काडतूस नळीत अडून राहतं ते पुंगळीच्या तोंडाच्या कडेवर. ती कडच चेपली तर ते जास्त खोल जातं. फुललेलं राहिलं तर नळीत बसतच नाही. तोंडाचं माप जास्तीत जास्त ९.६५ मिलिमीटर. रिव्हॉल्वरची तऱ्हा निराळी. तिथं कड गोळीच्या खाचेत वळवावी लागते, नाहीतर धक्क्याने बाकीच्या गोळ्या पुढे सरकून चक्रच अडतं.

"हाताला घट्ट लागलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही," काका म्हणाले. "माप घ्यायचं, ढकलून बघायचं, नळीत टाकून बघायचं. अलगद पडलं पाहिजे आणि अलगद बाहेर आलं पाहिजे."

तेव्हा मी सांगितलं.

सत्तरीत माझ्या मामाकडे ठासणीची बंदूक होती, कुळागराच्या राखणीसाठी. मी दहा वर्षांचा. मामा दारू ओतायचा, काथ्याचा बोळा, छरे, वर पुन्हा बोळा. ठासायचं काम हट्टाने मी घेतलेलं. गजावर मामाने एक खाच केली होती. भरण तळाला नीट बसलं की खाच नळीच्या तोंडाशी यायची. त्या संध्याकाळी बोळा मध्येच अडकला. मी जोर लावला, गज हलेना, हाताला अगदी घट्ट लागलं. खाच चार बोटं वर होती. मला दिसली होती.

"बसलें रे?" मामाने विचारलं.

"बसलें," मी म्हणालो.

नळी फुटली. मामाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. पुढे कोणीही विचारलं तरी मामा एकच सांगायचा, दारू माझ्याच हातून जास्त पडली. मीही तेच खरं धरून मोठा झालो.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दारूही जास्त झाली असेल. पण दारू आणि भरण यांत पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. जास्त ठासलं म्हणून नव्हे, तळापर्यंत पोचलंच नाही म्हणून."

"म्हणजे मामाला ठाऊक असणार?"

"खाच त्यानेच केली होती ना?"

मामा जाऊन आता वीस वर्षं झाली. बंदुकीचे तुकडे त्याने पोलिसांत जमा केले, गज मात्र ठेवला. माडीवर अजून आहे. गोव्याला आल्यावर तो खाली काढला, पुसला. खाचेत अंगठ्याचं नख बरोबर बसतं.