गाढवांचा पोळा

आमच्या अमरावतीच्या घरीं गणपतीपूर्वीं एखादी तरी नवी टूम निघतेच. यंदा आळींतल्या वाचनालयाचें छप्पर गळूं लागलें होतें, आणि पावतीपुस्तकें घेऊन दारोदार फिरण्याचा तरुण मंडळींना कंटाळा आला होता. तेव्हां धाकट्या पुतण्यानें जेवतांना सुचविलें, "काका, गणपतींत गाढवांची शर्यत लावूं. तिकीट ठेवूं. लोक हंसायलाच येतील!" पंगतींतली सारी मंडळी तेव्हांच हंसली. आई मात्र हंसली नाहीं. वाढतां वाढतां ती एवढेंच म्हणाली, "हंसण्याचे पैसे तुम्हांला मिळतील रे, गाढवाला काय मिळेल?"

पुतण्याची कल्पना कांहीं आकाशांतून पडलेली नव्हती. इंग्लंडांत जत्रेच्या दिवशीं अशा शर्यती लावून लोकोपयोगी कार्यासाठीं पैसे जमविण्याचा प्रघात आहे. तेथें मौज वेगांत नसते. एखादें गाढव मध्येंच थबकून गवत खाऊं लागतें, तीच खरी मौज. आपल्याकडेही बीड जिल्ह्यांतील विडा गांवीं धुळवडीस जावयाला गाढवावर बसवून मिरवितात, आणि शेवटीं त्यालाच नवे कपडे व सोन्याची अंगठी देऊन त्याचें मन राखतात. शिवाय वऱ्हाड हा तर शंकरपटाचा मुलूख. आमच्या जिल्ह्यांतील तळेगांव दशासरच्या पटांत स्त्रियाही बैलजोडी हांकतात. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरांत महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें राज्याचा कायदा वैध ठरविला. परंतु ही मोकळीक बैलांच्या शर्यतीपुरती. गाढवांची आठवण तेथेंही कोणास झाली नाहीं.

आईचा प्रश्न माझ्या मनांतून जाईना. पोळ्याच्या दिवशीं अकोटास गाढवांचाही पोळा भरतो, असें ऐकून होतों. पुतण्याला बरोबर घेऊन निघालों.

वलगांव आलें तेव्हां पेढी नदीला पाणी होतें. याच परिसरांत २० डिसेंबर १९५६ रोजीं गाडगे महाराजांनीं देह ठेवला. पुढें अंजनगांव-सुर्जीकडे वळलें कीं त्यांच्या जन्मगांवाचा, शेणगांवचा, टापू लागतो. १८७६ सालीं एका परिटाच्या घरीं त्यांचा जन्म झाला. गाढव हें परिटाच्या घरचें जुनें सोबती, हें वाचकांस सांगावयास नकोच. त्या थोर पुरुषानें लोकांच्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र गाडग्यांत मिळेल ती भाकर खाल्ली. हातीं खराटा घेऊन आधीं गांव झाडावें, मग रात्रीं कीर्तन करावें, असा त्यांचा क्रम. आपण आधीं कष्ट द्यावे आणि मग हात पुढें करावा, ही निधी जमविण्याची रीत आमच्याच मातींत जन्मली. आणि आम्ही निघालों होतों दुसऱ्याच्या पाठीवर बसून छप्पर बांधावयास!

अकोटास पोंचलों तों उत्तरेस सातपुड्यावर ढग उतरले होते. येथील भोई समाज पोळ्याच्या दिवशीं आपल्या गाढवांची पूजा करतो. माती, रेती, विटा वाहणाऱ्या त्या जनावरांना आज न्हाऊं घातलें होतें. अंगावर रंगाचे ठसे, गळ्यांत माळा, कपाळावर कुंकू! एक बाई पुरणपोळीचा घास पुढें करीत होती, आणि गाढव तो अगदीं पाहुण्याच्या ऐटींत खात होतें. पुतण्यानें एका वृद्धाला विचारलें, "बाबा, हें पळतें का हो?"

"पयते न जी," म्हातारा हंसून म्हणाला, "पन कायले पयवाव? सारा साल त वझं वायते. आमचा बईल हाच हाय. याच्या पाठीवर लेकरं जगली आमची."

पुतण्या गप्प झाला. परततांना त्याला मीं थोडी माहिती सांगितली. १९६५ च्या सरकारी नियमांप्रमाणें गाढवाच्या पाठीवर ५० किलोंहून अधिक ओझें घालतां येत नाहीं, आणि पारा ३७ अंशांपलीकडे गेला असतां दुपारीं बारा ते तीन त्याला कामास जुंपतां येत नाहीं. वऱ्हाडच्या वैशाखांत हा नियम किती ठिकाणीं पाळला जात असेल, तें वाचकांनींच ताडावें. इंग्लंडांतही गाढवावर बसणाऱ्याचें वजन सुमारें ५० किलोंपर्यंतच असावें, असें तेथील गाढवांची काळजी वाहणारी मोठी संस्था सांगते. स्वतः पुतण्याच साठ किलोंच्या वर! २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशांतील गाढवें ६१ टक्क्यांनीं घटलीं. २०१९ च्या पशुगणनेंत तीं जेमतेम सव्वा लाख भरलीं. यंत्रें आलीं, ओझीं त्यांनीं उचललीं, तशी गाढवांची गरज सरली. ज्याला आपण मूर्ख म्हणून हंसतों, तें उद्यां हंसावयासही उरेल कीं नाहीं, कोण जाणे.

रात्रीं पुतण्यानें आजीला सारी हकीकत सांगितली. तिनें नाथांची गोष्ट काढली. रामेश्वरासाठीं आणलेली गंगेची कावड नाथांनीं तहानेल्या गाढवाच्या मुखीं रिती केली होती. ती गोष्ट आम्हीं सर्वांनीं शेंकडों वेळां ऐकलेली. पण त्या रात्रीं ती नवी वाटली.

शर्यत झाली नाहीं. तरुण मंडळींनीं गणपतींत सकाळीं आळी झाडली, सायंकाळीं पेटी फिरविली, आणि पहिल्या पैशांतून नाक्यावर जनावरांसाठीं पाण्याचा लहानसा हौद बांधला. पहिली पावती आईच्या नांवाची. वाचनालयाच्या छपराला अजून पुरते पैसे जमलेले नाहींत. हौद मात्र रोज सकाळीं पुतण्याच भरतो.