मागणी घालायला गेलेला बाप

परवा शेजारच्या चाचांकडे मोबाईलवर एक जुना अरबी सिनेमा पाहिला. 'रुद्द कल्बी', म्हणजे 'माझं काळीज परत दे'. इजिप्तचा, १९५७ चा. चाचांनी उमेदीची वर्षं सौदीत ड्रायव्हरी करण्यात घालवली, त्यामुळे देऊळघाटात बसून मला अरबीचं भाषांतर फुकट मिळतं. मध्येच बकऱ्या हाकलायला उठतात, तेवढं चालायचंच.

गोष्ट आपल्या ओळखीचीच. राजघराण्यातल्या जमीनदाराच्या महालातला माळी. त्याचा पोरगा अली आणि मालकाची मुलगी इंजी यांचं लहानपणापासून प्रेम. पोरगा फौजेत अफसर होतो आणि भोळ्या बापाला वाटतं, आता काय हरकत आहे? तो थेट मालकाकडे मागणी घालायला जातो. तिथे असा अपमान होतो, की म्हाताऱ्याला लकवाच मारतो. हुसेन रियाद नावाच्या नटाने हा बाप केलाय.

इथे चाचा भाषांतर करायचे थांबले. गरजही नव्हती.

'सैराट'च्या (२०१६) वेळीही माझं असंच झालं होतं. सगळे आर्ची-परशासाठी रडत होते, आणि मला मात्र जातपंचायतीपुढे स्वतःच्याच थोबाडीत मारून घेणारा परशाचा बाप विसरता येईना.

माझे बाबा सालदार होते. ज्यांच्याकडे होते त्यांची मुलगी आणि मी एकाच एसटीने बुलढाण्याला कॉलेजात जायचो. पुढचं काय सांगू... एक दिवस ती म्हणाली, "तुझ्या बाबांना पाठव ना आमच्या घरी बोलायला." मी हो म्हणालो. घरी आलो तर बाबा अंगणात बसून तळपायातला काटा काढत होते. मी काहीच बोललो नाही. सोमवारपासून सकाळची गाडी सोडून दिली आणि दुपारच्या गाडीने जायला लागलो.

असो. सिनेमात २३ जुलै १९५२ ची क्रांती धावून येते. महालाची जप्ती करायला अलीच जातो, इंजी त्याला मिळते. इजिप्तमध्ये त्या तारखेला हा सिनेमा टीव्हीवर हमखास दाखवतात म्हणे. आपल्याकडे १९६१ साली सीलिंगचा कायदा आला, पण आमच्या गावातला तो वाडा होता तिथेच राहिला. आणि 'सैराट'मध्ये शेवटी दारात येतात ती माहेरची माणसं, भेटी घेऊन.

बाबा आता नाहीत. त्यांनी तेव्हा एकदाच विचारलं होतं, "गाडी काऊन बदलली रे?"

मी म्हणालो, सकाळी फार गर्दी असते.