औषध आहे गं, चहा नव्हे

मागच्या अंगणात कडुनिंबावर आमची गुळवेल चढली आहे. सासूबाईंनी लावलेली. पावसाच्या तोंडावर बोटाएवढं जाड, वीतभर कांड मातीत खोचायचं, एवढीच काय ती लागवड. पुढचं तिचं ती बघते. पानं हृदयाच्या आकाराची, खोडाचा पापुद्रा नखाने सोलला की आत हिरवंगार. वरून दोऱ्यासारखी मुळं खाली सोडते. संस्कृतात हिला 'छिन्नरुहा' म्हणतात, तोडली तरी रुजणारी.

ताप रेंगाळला की सासूबाई छोटासा तुकडा ठेचून पाण्यात उकळायच्या. दोन-तीन दिवस द्यायच्या आणि बंद. "औषध आहे गं, चहा नव्हे," म्हणायच्या. नेमकं तेच मी विसरले.

२०२० साली करोना आला आणि आमच्या वेलीला एकदम भाव आला. मीही हौसेने कांडं वाटली. धाकट्या बहिणीला तर पिशवी भरून दिली. ती कित्येक महिने रोज पेलाभर काढा घेत राहिली. २०२१ मध्ये तिचे डोळे पिवळे झाले.

डॉक्टरांनी गोळ्यांची चौकशी केली. काढा सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. शेवटी मीच सांगितलं, मान खाली घालून. ते म्हणाले, "त्यानेच झालं असं ठाम नाही सांगता येणार, पण आजपासून बंद."

त्याच वर्षी मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी, खोडावर गाठी असलेली दुसरी जात असते, तिच्याशी गल्लत करू नका, असं त्यांचं म्हणणं. मी चष्मा लावून दोनदा पाहिलं. आमच्या वेलीला गाठी नाहीत. म्हणजे मला ती पळवाटही नव्हती.

बहीण हळूहळू बरी झाली. "ताई, तू काय मुद्दाम दिलंस का?" म्हणते. मला मात्र वेल डोळ्यांसमोर नको झाली. ह्यांनी कोयत्याने बरीच तोडली, कांडं कुंपणावर टाकली. काही दिवसांनी बघते तर त्यांनाच कोंब! म्हटलं, राहू दे. चूक तिची नव्हती.

अजूनही कोणी कांड मागायला येतं. मी आधी विचारते, किती दिवस घेणार? डॉक्टरांच्या कानावर घातलंत का? मग सासूबाईंचं वाक्य ऐकवते. काहीजण रागावून रिकाम्या हाताने जातात.

जाऊ देत. असो.