मनोऱ्याखालचे सहा मित्र

इंडोनेशियाच्या अहमद फुआदी यांची ‘नगेरी लिमा मनारा’ (पाच मनोऱ्यांचा देश) ही कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचून संपवली, आणि दिवसभर मन तिच्यातल्या सहा शाळकरी मित्रांभोवतीच घोटाळत राहिलं. फुआदी स्वतः पूर्व जावातल्या गोन्तोरच्या पसंत्रेनमध्ये, म्हणजे निवासी इस्लामी शाळेत शिकले. तिथल्या अनुभवांवरच कादंबरी बेतलेली. शाळा १९२६ सालची, कादंबरी २००९ची.

ही मुलं सुमात्रा, जावा, मदुरा, सुलावेसी अशा बेटाबेटांवरून आलेली. घरची भाषा प्रत्येकाची निराळी. शाळेत मात्र अरबी नाहीतर इंग्रजीतच बोलायचं, असा कडक नियम. वाचताना तो जाचक वाटला खरा, पण त्यामुळेच गाववाल्यांचा कंपू जमत नाही. सगळेच सारखे अडखळतात, एकमेकांना शब्द पुरवतात.

कितीतरी पसंत्रेनमध्ये जेवणही एकाच मोठ्या ताटात असतं. मधोमध भाताचा ढीग, कडेला तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि झणझणीत सांबल (मिरचीची चटणी), भोवती मांडी घालून चार-पाच मुलं. मौलवींचा मुलगा असो की कोळ्याचा, हात एकाच भातात जातो. इस्लामी बंधुभाव हे गोन्तोरच्या पाच मूल्यांपैकी एक. पसंत्रेनमध्ये असा बंधुभाव नुसत्या प्रवचनानं रुजला नसता. तो अशा ताटांनी आणि सामाईक खोल्यांनी रुजवला, असं मला ठामपणे वाटतं.

आपल्याकडेही मदरशांत, आश्रमशाळांत, वसतिगृहांत लहान मुलं घर सोडून येतात. तिथल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: खोल्या वाटताना एका गावची मुलं एकत्र कोंबू नका, आणि रोज एक जेवण तरी त्यांना गोलात बसून करू द्या.