मोकळ्या वर्षाचे कारभारी

बारावीची किंवा पदवीची परीक्षा आटोपल्यानंतर शिक्षणाची पुढची पायरी लगोलग न चढता एक संपूर्ण वर्ष एखाद्या खेड्यात, आश्रमशाळेत अथवा आरोग्यकेंद्राच्या कामात व्यतीत करावे, ही कल्पना आपल्या मध्यमवर्गीय घरांतून अद्यापि काहीशा शंकेनेच पाहिली जाते. शेजारीपाजारी त्या मुलाचे वर्ष वाया गेले असे धरून चालतात. आणि पुढे महाविद्यालयात नाव घालताना ज्या कागदाला सारेजण ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात त्या प्रतिज्ञापत्रावरही, या मुदतीत अर्जदाराने अन्यत्र कोठे प्रवेश घेतला नव्हता, एवढाच मजकूर बहुधा असतो. त्या मुदतीत अर्जदाराने काय केले, कोणाच्या घरी तो जेवला, कोणाच्या शेतात चिखलणी करताना त्याची पाठ मोडून आली आणि कोणत्या रात्री पहिल्यांदाच त्याला आपल्या आईबापांच्या कष्टांचा अर्थ उमगला, याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरी होत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील एका तालुक्यात अठरा ते बावीस वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी चालणाऱ्या अशाच एका निवासी वर्षाच्या कारभारात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला आहे. आणि त्या वर्षाविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जात असताना ते वर्ष ज्यांच्या हातांवर उभे राहते त्या माणसांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

विचाराचे श्रेय विचारवंताला मिळते, हे योग्यच आहे. डेन्मार्कमधील ज्या लोकशाळांनी परीक्षेवाचून, तरुणांना शिक्षकांसमवेत एकाच छपराखाली ठेवून शिक्षण देण्याचा पायंडा पाडला, त्यांच्या मुळाशी ग्रुंडत्विग या धर्मोपदेशकाचे चिंतन होते. परंतु ग्रुंडत्विग यांनी स्वतः अशी शाळा कधी चालविली नाही. 1844 मध्ये र्‍यॉडिंग येथे पहिली लोकशाळा उभी राहिली ती क्रिस्टियान फ्लोर या प्राध्यापकाने तिचा व्यावहारिक भार शिरावर घेतला म्हणून. इंग्लंडात अ‍ॅलेक डिक्सन यांनी 1958 मध्ये शालेय शिक्षण पुरे केलेल्या कोवळ्या तरुणांना परदेशांत सेवेसाठी धाडण्याची योजना आखली. तेव्हाही त्या मुलांना दूरदेशी ज्यांनी उतरवून घेतले आणि कामाला लावले, ती माणसे इतिहासाच्या पानांत सापडत नाहीत. आपल्याकडे 1937 च्या वर्धा परिषदेतून नयी तालीमचा विचार पुढे आला; परंतु सेवाग्रामला तो रोजच्या रोज जगून दाखविण्याचे काम आर्यनायकम् दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. बाबा आमट्यांनी 1967 मध्ये सोमनाथच्या जंगलात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरविण्यास आरंभ केला, आणि 2006 पासून गडचिरोलीस बंग दांपत्याच्या प्रेरणेने ‘निर्माण’ हा उपक्रम तरुणांना आपल्या जीवनाचे प्रयोजन शोधण्यास प्रवृत्त करीत आला आहे. अशा प्रत्येक उपक्रमामागे पहाटे उठून चुली पेटविणारे, हजेरी घेणारे, कीर्द-खतावणी लिहिणारे, तापलेल्या मुलाच्या उशाशी बसणारे कोणी ना कोणी असतेच. त्यांच्या कामाला स्वतंत्र कला म्हणावे, इतके ते काम कठीण आहे.

या कलेचा आरंभ मुले येण्याच्या कितीतरी आधी होतो. मुलांच्या हातून घडावयाचे काम गावाला खरोखरीच हवे असले पाहिजे, ही पहिली अट होय. कारण तरुण मनाला खोट्या कामाचा वास फार लवकर येतो, आणि एकदा का आपल्याला रमविण्यासाठी हे काम रचले आहे असे त्याला कळले, की उरलेले सारे वर्ष सहलीचे स्वरूप धारण करते. म्हणून आमचे क्षेत्र-समन्वयक चैत्र-वैशाखाच्या उन्हात गावोगाव हिंडतात, सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि आश्रमशाळेचे मुख्याध्यापक यांच्या गाठी घेतात, देवळाच्या पारावर बसून लोकांची गरज त्यांच्याच तोंडून ऐकून घेतात, आणि ज्या गावात केवळ शहरची मुले आली तर शोभा येईल एवढाच हेतू दिसतो त्या गावाला नम्रपणे नकार देऊन परततात. मुलाला ठेवून घेणाऱ्या घराची पारख तर त्याहून नाजूक असते: घर फार सधन असले तर मुलाला गाव दिसत नाही, आणि फार ओढग्रस्तीचे असले तर त्याच्या पानातली भाकरी कोणाच्या तरी वाट्याची असते. या दोहोंमधील तारतम्य कोणत्याही छापील नियमावलीत बसत नाही. ते चुलीपुढे बसून घरातल्या बाईशी बोलल्यावरच उमगते.

मुले आली की कलेचा दुसरा आणि अधिक कठीण भाग सुरू होतो, तो म्हणजे मदतीचा हात वेळीच आवरून धरण्याचा. आमच्या एका मुलाकडे गावातील विहिरींची पाणीपातळी दर आठवड्यास मोजून नोंदविण्याचे काम होते. हिवरे बाजारसारख्या गावांनी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे रब्बीची पिके ठरविण्याचा जो परिपाठ घालून दिला, त्याच धर्तीवर या गावालाही तो ताळेबंद हवा होता. ऐन भाद्रपदात, उत्साह ओसरल्यामुळे म्हणा किंवा पावसाच्या कंटाळ्याने म्हणा, मुलाच्या नोंदवहीत काही रकाने कोरे राहिले. आमच्या समन्वयक ताईंच्या ते ध्यानात आले. मागच्या-पुढच्या आकड्यांवरून अंदाज बांधून ते रकाने भरून टाकणे, किंवा त्याला चार शब्द सुनावून प्रकरण मिटविणे, दोन्ही सोपे होते. त्यांनी यांतले काहीच केले नाही, त्या त्याला इतकेच म्हणाल्या, “या आकड्यांवर गहू की हरभरा हे ज्यांना ठरवायचं आहे, त्यांच्याकडे एकदा बसून ये.” पुढे ग्रामसभेत तो मुलगा उभा राहिला आणि त्या आठवड्यांच्या नोंदी आपण घेतल्याच नाहीत, हे त्याने सर्वांदेखत सांगितले. सभा क्षणभर स्तब्ध झाली. मग एका वृद्ध शेतकऱ्याने, आपल्या विहिरीत गौरी-विसर्जनाच्या दिवशी पाणी कितव्या पायरीला होते, हे आठवणीने सांगितले, त्यापाठोपाठ दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. आणि त्या पायऱ्या मोजून मुलाने तो कोरा भाग, तो स्मरणावरून लिहिला आहे असा शेरा मारून, पूर्ण केला. ताई सभेत शेवटपर्यंत मागच्या रांगेत बसून होत्या. त्या दिवशी त्या बोलल्या असत्या तर मुलाची अब्रू वाचली असती, परंतु गावाशी त्याचे जे नाते जडले ते जडले नसते.

येथे कोणी असा अर्थ काढू नये, की तरुणांना सर्व बाबतींत मोकळे सोडावे. चूक करून शिकता येते अशी क्षेत्रे आणि चुकीला क्षमाच नाही अशी क्षेत्रे यांच्यातील सीमारेषा ओळखणे, हेच या कारभाराचे मर्म आहे. आमच्या डोंगरांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी सर्प आढळतात. या चौघांच्या विषावर चालणारी लस कोणत्या आरोग्यकेंद्रात आहे आणि रात्री-अपरात्री तेथवर नेण्यास कोणाची जीप मिळेल, याची खातरजमा मृगाच्या आधी केलीच पाहिजे, आणि तेथे मुलांच्या पुढाकाराची वाट पाहणे हा गुन्हा ठरेल. ओढ्याला पाणी चढले असता तो ओलांडावयाचा नाही, अंधारात विजेरीवाचून बाहेर पडावयाचे नाही, जमिनीवर अंथरूण घालावयाचे नाही, हे नियम चर्चेला ठेवले जात नाहीत. त्याचप्रमाणे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने सांगितलेली अंतर्गत समिती केवळ फलकावर असून भागत नाही. तिच्या सदस्य असलेल्या बाईकडे मुली संकोच न करता जातात की नाही, हे पाहावे लागते. जो कार्यकर्ता या गोष्टींत कठोर असतो त्यालाच इतरत्र उदार होण्याचा अधिकार प्राप्त होतो.

वर्षाचे म्हणून एक हवामान असते, आणि जुना कार्यकर्ता ते शेतकऱ्याप्रमाणे आधीच ओळखतो. आषाढात सारेच नवे असते. श्रावणात घरची आठवण येऊ लागते. पण खरी कसोटी दिवाळीच्या सुटीनंतर असते. घरी गेलेल्या मुलांना तेथे फराळाबरोबर पुढे जाणाऱ्या वर्गमित्रांच्या वार्ता मिळतात, मामा-मावश्यांचे प्रश्न ऐकावे लागतात, आणि काहींच्या मनात परतावे की न परतावे असे द्वंद्व सुरू होते. पुढे माघाच्या सुमारास प्रवेशपरीक्षांचे अर्ज निघतात, तेव्हा सबंध निवासावर एक अस्वस्थता पसरते. ज्याला अर्ज भरावयाचा आहे त्याला सायंकाळी अभ्यासाला वेळ व दिवा मिळावा याची तजवीज करणे, आणि ज्याला अद्याप काहीच ठरविता आलेले नाही त्याच्याबरोबर काही न विचारता डोंगराच्या कडेपर्यंत चालत जाणे, ही दोन्ही कामे एकाच दिवशी एकाच माणसाला करावी लागतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची मुभा तत्त्वतः मान्य केली आहे, हे चांगलेच झाले. परंतु मनातली भीती शासनाच्या धोरणाने जात नाही, ती शेजारी चालणाऱ्या माणसामुळे कमी होते.

या शेजारी चालणाऱ्यांत मी सर्वांत आधी स्वयंपाकघरातील मावशींचे नाव घेईन. कोण जेवत नाही, कोण घाईघाईने चार घास गिळून उठतो, कोण अचानक एकटा बसू लागला, हे समन्वयकाच्या अहवालात येण्याच्या आठ दिवस आधी मावशींना ठाऊक असते. निवासाची साप्ताहिक बैठक मावशींना वगळून घ्यावयाची नाही, हा आमचा जुना शिरस्ता आहे, आणि त्या बैठकीतील त्यांचे एखादे वाक्य आमच्या पानभर टिपणांहून मोलाचे ठरत आले आहे. हिशेब पाहणाऱ्या काकांचेही तसेच. दरमहा मुलांनी आपल्या गटाचा जमाखर्च त्यांच्यापुढे मांडावयाचा असतो. पावती नसलेल्या एका चहाच्या खर्चासाठी काका ज्या शांतपणे वही परत करतात, त्या शांतपणातून सार्वजनिक पैशाची पवित्रता जितकी मनावर ठसते तितकी ती व्याख्यानांतून ठसत नाही.

मुलांच्या रोजनिशा वाचणे हे काम माझ्याकडे असते. त्या रोजनिशीत अभिमान असतो, कुरकूर असते, आणि क्वचित एखाद्या ओळीत सगळे मन उघडे पडलेले असते. अशा ओळीखाली निर्णय लिहावयाचा नसतो. लिहावयाचाच तर एक प्रश्न लिहावा, तोही पेन्सिलीने, म्हणजे वाटल्यास मुलाला तो पुसून टाकता यावा. पालकांच्या बाबतीत याहून अधिक जपावे लागते. आठवड्याच्या शेवटी एखाद्या आईचा फोन येतो, “ताई, तो बरा आहे ना? आम्हाला काही सांगत नाही.” तो आता सज्ञान आहे, त्याने विश्वासाने लिहिलेले मी कोणापुढे उघड करू शकत नाही; आणि तरी त्या आईला मी खोटे सांगणार नाही. मग त्याची प्रकृती, जेवण, काम यांविषयी जे आहे ते सांगावे, आणि त्यालाच घरी फोन करण्यास सुचवावे, एवढाच मार्ग उरतो. सत्य आणि विश्वास या दोहोंचा भार एकाच वाक्याने उचलावयाचा असतो, ही गोष्ट मला आजही सोपी वाटत नाही.

हे सारे करणारी माणसे बहुधा स्वतःच पंचविशी-तिशीतील असतात. त्यांचे मानधन तुटपुंजे असते, नेमणूक वर्षावर्षाच्या कराराने होते, आणि देणगीदाराचे धोरण बदलले की पहिली कात्री त्यांच्यावरच चालते. देणगीदार इमारतीला पैसे देतो, संगणकाला देतो, मुलांच्या विद्यावेतनालाही देतो. परंतु कार्यकर्त्याच्या पगाराला ‘प्रशासकीय खर्च’ असे नाव देऊन तो जितका कमी तितकी संस्था कार्यक्षम, असे मानले जाते. ही समजूत मुळातच चुकीची आहे. या उपक्रमात इमारत दुय्यम आणि माणूस हाच मुख्य खर्च होय. कार्यकर्ता दर वर्षी बदलला तर कोणत्या गावाला काय वचन दिले होते, कोणत्या घराने कोणाला आजारपणात सांभाळले, कोणत्या ओढ्याने कधी दगा दिला, ही सारी स्मृती नाहीशी होते, आणि नवी मुले नव्या माणसांच्या हाती, काहीच घडले नसल्यासारखी, सोपविली जातात.

म्हणून जे पालक आपल्या मुलामुलींना असे एक वर्ष देऊ इच्छितात त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की संस्थेचे माहितीपत्रक आणि त्यातील छायाचित्रे बाजूला ठेवून त्यांनी तेथे प्रत्यक्ष जावे, मुलांच्या पंगतीला बसून एक वेळ जेवावे, आणि तीन गोष्टी विचाराव्यात: येथील कार्यकर्ते किती वर्षे टिकून आहेत, त्यांना जगण्यापुरता पगार वेळेवर मिळतो काय, आणि मूल रात्री आजारी पडले तर त्याच्यापाशी कोण जागते. या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर मूल निर्धास्तपणे पाठवावे. नसतील तर त्या संस्थेचे ध्येय कितीही उदात्त असो, पाठवू नये.