पूर्णाकाठची मोजदाद

प्रवासाचं लिहायचं म्हटलं की आम्ही अमरावतीच्या बायका चिखलदऱ्याचं धुकं नाहीतर मेळघाटचं जंगल लिहितो. मी मात्र आज तुम्हाला नद्यांच्या काठी नेणार आहे. नाकाला पदर लावावा लागेल, पण चला माझ्याबरोबर.

माझं सासर अमरावती आणि माहेर अकोला. सासरजवळची नदी पेढी, माहेरची मोरणा. दोघीही पूर्णेला जाऊन मिळतात आणि पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते. म्हणजे मी सासरी पाण्यात काही टाकलं काय आणि माहेरी टाकलं काय, जातं एकाच नदीत!

ज्यांना वऱ्हाड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या आसपास खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. जमिनीखालचं पाणी असं, तेव्हा वाहत्या गोड्या पाण्याचं मोल इथल्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही. तरी त्याच पाण्यात आपण काय काय सोडतो!

अमरावतीहून एस.टी.नं निघालं की थोड्याच वेळात वलगाव येतं. इथेच पेढीकाठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. पुढे पूर्णेकाठी ऋणमोचन. पौषातल्या रविवारी इथे यात्रा भरते आणि बाया नदीत स्नान करतात. बाबांनी या यात्रेत खराटा हाती घेतला आणि लोकांसाठी घाटही बांधून घेतला. लहानपणी आजीबरोबर मी इथे आले होते. ‘ऋणमोचन’ म्हणजे कर्जातून सुटका, एवढंच तेव्हा कळलं होतं.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. जानेवारीत आपल्याकडे पाणपक्ष्यांची मोजणी होते. आशियातल्या अनेक देशांत ती एकाच सुमारास करतात आणि १९८७ पासून ती चालू आहे. वाटलं, आपणही मुलांना न्यावं. सातवीचा वर्ग घेऊन एका सकाळी पेढीच्या काठी गेलो. उंच, लाल काड्यांसारख्या पायांचे काळे-पांढरे शेकाटे त्रेचाळीस भरले! खंड्या एकच दिसला, तोही लांब तारेवर. मुलं खूश, मी त्याहून खूश. शाळेत येऊन फळ्यावर ठसठशीत लिहिलं, ‘पक्षी भरपूर, नदीची तब्येत उत्तम.’

दुसऱ्या दिवशी बाजारात माझ्या ओळखीच्या भोयाच्या आजीला मी हे कौतुकानं सांगितलं. तिचा जन्म नदीवर गेलेला. ती हसलीच.

“बाई, थे लाल पायाचं पाखरू घाण पाण्यावर येते न! त्याले पाहून कायले खुश होता? खंड्या किती दिसले थे सांगा.”

मी गप्पच झाले. मग तिनं समजावलं ते असं. शेकाट्या चिखलातले किडे वेचतो. सांडपाणी आलं की चिखल माजतो, किडे वाढतात आणि हे पाहुणे जमतात. खंड्याचं, नदी सुरयचं तसं नाही. ते वरून मासा पाहून सूर मारतात. पाणी गढूळ झालं की त्यांना मासाच दिसत नाही. म्हणजे नुसती संख्या मोजून भागत नाही, कोण आलं आणि कोण आलं नाही हे पाहावं लागतं.

माशांचंही तसंच. आजीनं बोटं मोडत नावं सांगितली: मरळ, वाम, शिंगाळा, झिंगे. “आता जाळ्यात तिलापी येते नाहीतं मरळ. बाकीचे कुठं रायले माय?” तिलापी मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली आपल्या देशात आणलेली. मरळ वर येऊन हवा घेते, म्हणून प्राणवायू कमी झालेल्या पाण्यातही ती तगते. जाळ्यात मरळ उरावी आणि बाकीचे देशी मासे नाहीसे व्हावेत, याचा अर्थ पाण्याचा जीव गुदमरतो आहे. आजी आता आंध्रातून आलेले बर्फातले मासे विकते. तिचा मुलगा वीटभट्टीवर जातो.

मी मुलांसमोर फळा पुसला आणि का पुसला तेही सांगितलं.

पुढच्या सुट्टीत अकोल्याला गेले. १३ जानेवारी २०१८ रोजी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सहा हजारांहून जास्त लोक मोरणेत उतरले होते आणि त्यांनी जलपर्णी उपसली होती. मग दर शनिवारी तेच. आमची वहिनीही पदर खोचून गेली होती. यंदा पुलावर उभ्या राहून आम्ही पाहिलं, तर खाली पुन्हा हिरवा गालिचा. सांडपाण्याच्या खतावरच ही वेल पोसते आणि तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. वहिनी हिरमुसली. मी तिला विचारलं, “वहिनी, स्वच्छ केल्यावर कोणते पक्षी आले, ते तू कधी पाहिलंस का?” तिनं मान हलवली. मीही पाहिलं नव्हतं. लेकराला औषध दिल्यावर आपण ताप पुन्हा मोजतोच ना? नदीचा मात्र मोजत नाही.

जिथे मोजतात तिथे फरक पडतो. आपल्याच विदर्भात, अर्जुनी मोरगावकडे, पतिराम तुमसरे आणि त्यांच्या ढीवर बांधवांनी मनीष राजनकरांच्या साथीनं जुन्या तलावांचं काम केलं. कोणता मासा, कोणता पक्षी कोणत्या पाणवनस्पतीवर जगतो, हे त्यांनी जाणत्यांकडून टिपून घेतलं. मग बेशरम उपटून त्या देशी वनस्पती लावल्या. तिथे देशी मासे परतले.

तुम्हालाही करता येईल. जागा एकच ठेवा आणि वेळ सकाळचीच. महिन्यातून एकदा अर्धा तास बसा आणि एक जुनी वही घ्या. पाण्याचा रंग, वास, फेस लिहा. खंड्या, पाणकावळा, शेकाट्या, टिटवी वेगवेगळे मोजा. बाजारात गेलात की मासेवालीला विचारा, आज नदीचं काय मिळालं? वर्षभरानं वही उघडलीत, की नदी सुधारते आहे की खंगते आहे ते दिसेल. सांडपाण्याबद्दल नगरपालिकेशी, ग्रामपंचायतीशी बोलताना ती वही हाती असली, की तुमचं म्हणणं सहजासहजी उडवता येत नाही.

आमच्या वर्गाची वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर आजीनं सांगितलेली माशांची नावं आहेत. ती स्वतः वर्गात आली होती, खुर्चीवर बसायला लाजली आणि मग तासभर बोलली. येत्या पौषात मुलांना घेऊन ऋणमोचनला जाणार आहोत. स्नान बाया करतीलच, आम्ही काठावर बसून खंड्या मोजू.