पोलादनगरीतली जपानी चकती

हावड्याकडे जाणारी गाडी नागपूर, गोंदिया, राजनांदगाव मागे टाकून दुर्गच्या पुढे सरकली, की भिलाईची धुराडी दिसू लागतात. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या इथल्या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याचे आखीवरेखीव सेक्टर रुळांच्या एका बाजूला, तर सुपेला, वैशालीनगर या वस्त्या दुसऱ्या बाजूला. वैशालीनगरात सेक्टरांची शिस्त नाही. ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे घर बांधलेले.

इथे मराठी कानावर पडले तर दचकू नका. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होताच, शिवाय नोकरीसाठी विदर्भातली माणसेही इकडे आली. माझी मावसबहीण अशाच घरातली. भाऊजींची सारी नोकरी ओतशाळेत गेली.

त्यांच्या कपाटात एक काळपट लोखंडी चकती आहे. जेमतेम आठ सेंटिमीटर रुंद, मधोमध उभट त्रिकोणी भोक. हिला ‘त्सुबा’ म्हणतात. आपल्या तलवारीची परज मुठीला कायमची जडलेली असते. जपानी तलवारीची मूठ काढता येते, म्हणून ही चकतीही सुटी होते. घराण्यात पाते तेच राहायचे, चकत्या मात्र हौसेप्रमाणे बदलायच्या.

भाऊजींचे वडील मराठा पलटणीत होते. ही चकती त्यांनी जपानहून आणली, असे घरात सांगतात. गोष्ट अशक्य नाही. महायुद्धानंतर १९४६-४७ मध्ये जपानचा ताबा सांभाळायला गेलेल्या हिंदी ब्रिगेडमध्ये मराठा पलटण होती. ब्रिगेडचा मुक्काम होता शिमाने, ओकायामा या भागात. गंमत पाहा, शिमाने लोहवाळूपासून पोलाद करणाऱ्या जुन्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध, तर ओकायामा तलवारींसाठी. पण जाऊ शकले असते म्हणजे आणलीच, असे होत नाही. कागद काही नाही, चकतीवर सहीही नाही.

भाच्याला मात्र हिच्यामुळे छंद जडला. त्याने पगारातून आणखी तीन चकत्या मागवल्या. एकीवर नामांकित कारागिराची सही! त्याने त्या बाबांपुढे मांडल्या. भाऊजींनी चष्मा लावला, नक्षीच्या छिद्रांत बोट फिरवले आणि सहीवाली बाजूला सारली. “अरे, ही ओतीव आहे. आतल्या कडेला साच्याची शिवण बघ, आणि हे बारीक खड्डे. आजोबांची ठोकून घडवलेली आहे.” भाचा गप्प झाला. महिन्याच्या पगारातला मोठा वाटा गेला होता.

नवख्याने सहीवर भाळू नये ते यासाठीच. थोरांच्या खोट्या सह्या जपानातही पूर्वापार कोरल्या गेल्या. १८७६ मध्ये सरकारने तलवार बाळगायला बंदी केली तेव्हा कारागिरांचे पोट गेले. सुटे भाग परदेशी शौकिनांना विकले जाऊ लागले, नकलाही निघाल्या. त्यामुळे मूळ गाव, घराणे सांगणे जाणकारांनाही अवघड जाते.

आणि हो, घरातली पितळी भांडी घासतो तशी चिंच किंवा पॉलिश हिला लावू नका! लोखंडावर चढलेला तो गडद तपकिरी रंग हीच तिची शान. तो गेला की किंमत गेली. मऊ सुती कापडाने पुसत राहावे, बस.

टोकियोत १९४८ साली स्थापन झालेली एक संस्था असे भाग पारखून दाखला देते. भाच्याला चकती तिथे पाठवायची होती. पण इथे गाडी अडते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची ऐतिहासिक मोलाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ती मूळची परदेशी का असेना. ही चकती तेवढी जुनी असेल तर पाठवणे गुन्हा, आणि नसेल तर पाठवण्यात अर्थच काय?

तेव्हा भाच्याला मी सुचवले, आधी डोळा तयार कर. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जपानी तलवारी. त्याला ते पटले. भाऊजींना विचारले, ती ओतीव चकती परत करायची का? ते म्हणाले, “राहू दे. ओतकाम वाईट नाही.” दोन्ही चकत्या आता एकाच कपाटात आहेत. फक्त आजोबांच्या चकतीखाली बहिणीने चिठ्ठी ठेवली आहे : ‘सासऱ्यांनी जपानहून आणली असे सांगतात.’